काहिलीतली उष्णता गेली कोठे?

कुंडल म्हटले की पहिल्यांदा आठवते ते १९४२ नंतरचे प्रतिसरकार. दुसरी आठवण शेजारच्या किर्लोस्करवाडीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना उभा केला आणि तेथून लोखंडी नांगर व उसाचे चरक गावोगाव गेले. आज कुंडलला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. ऊस, चरक, गुऱ्हाळ आणि साखर कारखाना ही या परिसराची ओळख. रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यांतले काही अवघड शब्द याच उसाच्या रसात कसे विरघळलेले आहेत, ते या लेखात पाहू.

काही वर्षांपूर्वी या भागातील विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही गेलो होतो. दुपारच्या सुटीत एक तरुण शिक्षक घटक चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आले. प्रश्न साधाच होता : ‘पदार्थाला सतत उष्णता देत राहिल्यास त्याच्या तापमानाचे काय होते?’ अपेक्षित उत्तर होते, ‘तापमान वाढत जाते.’ एका मुलाने मात्र लिहिले होते की, आमच्या गुऱ्हाळात रस उकळायला लागल्यावरही जाळ चालूच असतो, पण रस जास्त तापत नाही. उष्णता वाफेबरोबर जाते. उत्तरावर लाल फुली होती आणि गुण शून्य.

“सर, फुली मारली खरी, पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय,” ते म्हणाले. “पोराचं चुकलं, की आमचं?”

आम्ही त्यांना म्हणालो, “संध्याकाळी गुऱ्हाळावरच जाऊ या. बरोबर २०० अंशांपर्यंतचा तापमापक घ्या.” (शाळेतला ११० अंशांचा तापमापक अशा कामी वापरू नये. शेवटच्या टप्प्यात तो फुटण्याची भीती असते.)

गुऱ्हाळावरचा तापमापक

गुऱ्हाळाची रचना बहुतेक वाचकांना माहीत असेल. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत घेतात. काहील चुलवणावर असते आणि चुलवणात वाळलेले चिपाड घालत राहतात. रस तापू लागला की भेंडीचे पाणी व चुन्याची निवळी घालून वर आलेली मळी काढतात. मग रस खळखळा उकळू लागतो आणि तास-दोन तास उकळतच राहतो. शेवटी पाक घट्ट होतो, गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो.

आम्ही लांब काठीला तापमापक बांधून वेळोवेळी नोंद घेतली. आपल्या भागात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. रस उकळू लागला तेव्हा पारा तेथेच होता. त्यानंतर जाळ तसाच धडधडत होता, पण पारा जवळजवळ हलत नव्हता. फार वेळाने तो १०३, १०५ पर्यंत चढला. आणि शेवटच्या थोड्या मिनिटांत मात्र भराभर चढत ११८ च्या आसपास पोहोचला.

म्हातारे गुळवे आमची धडपड गंमतीने पाहत होते. ते म्हणाले, “मास्तर, पाणी हाय तोवर रस वर चढत न्हाई. पाणी सपलं की मग त्याला आवरावं लागतं. तवा आम्ही जाळ आधीच वडून घेतो.” तापमापक न वापरता त्यांना हे ठाऊक होते. त्यांच्या नातवाने तेच उत्तरपत्रिकेत लिहिले होते.

आता थोडा हिशेब करू. काहिलीत ५०० किलो रस आहे आणि त्यात शेकडा २० विरघळलेले घन पदार्थ आहेत असे समजा. म्हणजे १०० किलो घन पदार्थ आणि ४०० किलो पाणी. गुळात थोडेसे पाणी राहते, म्हणून गूळ साधारण १०५ किलो होईल आणि ३९५ किलो पाणी उडून जाईल.

रस २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला लागणारी ऊर्जा सुमारे १,४३,००० किलोज्यूल. ३९५ किलो पाण्याची वाफ करायला लागणारी ऊर्जा, किलोला २,२५७ किलोज्यूल या दराने, सुमारे ८,९२,००० किलोज्यूल. आणि शेवटी १०५ किलो पाक १०० वरून ११८ अंशांवर न्यायला जेमतेम ४,००० किलोज्यूल. (प्रत्यक्षात हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, पण प्रमाण समजायला एवढे पुरे.)

म्हणजे एकूण ऊर्जेतील सुमारे ८६ टक्के वाटा अशा कामात गेला, ज्याची पाऱ्याने फारशी दखलच घेतली नाही. आणि पारा ज्या १८ अंशांत सर्वांत वेगाने पळाला, त्याला अर्धा टक्काही ऊर्जा लागली नाही. तापमान म्हणजे उष्णता नव्हे, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगेल?

ब्लॅक यांचे घड्याळ

नेमका हाच प्रश्न अठराव्या शतकात ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांना पडला होता. ब्लॅक डॉक्टर होते आणि रसायनशास्त्र शिकवत. तोपर्यंत बहुतेक विद्वानांची समजूत अशी होती की, पाणी उकळीला आले की आणखी थोडीशी उष्णता दिली म्हणजे सगळ्या पाण्याची वाफ व्हायला हवी. तसे असते तर चुलीवरचे पातेले उकळी येताच एकदम उडून रिकामे झाले असते!

ब्लॅक यांनी १७६२ मध्ये सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यांत पाणी घेऊन ती तापलेल्या लोखंडी शेगडीवर ठेवली आणि घड्याळ लावले. पाण्याचे तापमान ५० अंश फॅरनहाइट होते. सुमारे ४ मिनिटांत ते २१२ अंशांवर, म्हणजे उकळीला आले. सगळे पाणी आटायला मात्र आणखी सुमारे २० मिनिटे लागली. शेगडी सारख्याच दराने उष्णता देत असेल तर पाणी उकळीला आणण्यासाठी जेवढी उष्णता लागली, तिच्या सुमारे पाचपट उष्णता वाफ करायला लागली. तिचा मागमूस तापमापकावर नव्हता. ब्लॅक यांनी तिला ‘लपलेली’ उष्णता म्हटले. आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द त्याचाच मराठी अवतार आहे.

त्यांचे उत्तर सेल्सिअसच्या भाषेत ग्रॅमला ४५० कॅलरी असे होते. आजचे उत्तर आहे ५४०. शेगडी, पत्र्याचे भांडे आणि घड्याळ एवढ्या साधनांवर हे उत्तर काढले, हे लक्षात घेतले तर फरक फार मोठा नाही.

ब्लॅक यांचे मोठे काम म्हणजे त्यांनी एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले. ‘किती गरम?’ हा एक आणि ‘किती उष्णता?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तापमापक देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी पदार्थाचे वस्तुमान, त्याचा प्रकार आणि त्याची अवस्था हेही पाहावे लागते.

पदार्थ गेला, शब्द राहिले

उष्णता मोजता येऊ लागली, पण उष्णता म्हणजे काय? फ्रान्समध्ये लव्हाझिये यांनी तिला एक सूक्ष्म, वजनरहित द्रव मानले आणि ‘कॅलरिक’ असे नाव दिले. १७८९ मध्ये त्यांनी मूलद्रव्यांची जी यादी छापली, तिच्यात ऑक्सिजन, हायड्रोजन यांच्याबरोबर प्रकाश आणि कॅलरिक यांनाही जागा होती. लव्हाझिये आणि लाप्लास यांनी बर्फ किती वितळते यावरून उष्णता मोजणारे उपकरण बनवले होते. ‘कॅलरीमीटर’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. पुढे १८२४ च्या सुमारास निकोला क्लेमां यांनी पॅरिसमधील व्याख्यानांत ‘कॅलरी’ हे एकक वापरले.

हा द्रव फार दिवस टिकला नाही. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांची नळी कोरताना धातू प्रचंड तापतो, हे रमफर्ड यांनी पाहिले. घोड्यांच्या बळावर बोथट हत्यार फिरवून त्यांनी अडीच तासांत पाणी उकळवून दाखवले आणि १७९८ मध्ये आपला निबंध मांडला. घर्षण चालू आहे तोवर उष्णता मिळतच राहते. जी वस्तू संपतच नाही ती साठवलेला पदार्थ कशी असेल, असा त्यांचा सवाल होता. पण एका प्रयोगाने समजूत बदलत नाही.

मुंबईत हरि केशवजी यांनी रसायनशास्त्राची संवादरूप ओळख मराठीत करून दिली ती १८३० च्या दशकात. म्हणजे मराठीत रसायनशास्त्र लिहिले जाऊ लागले, तेव्हा जगातील बहुतेक रसायनतज्ज्ञ उष्णतेला पदार्थच मानत होते. ज्यूल यांचे प्रयोग अजून व्हायचे होते.

१८४० मध्ये रॉबर्ट मायर हे तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजाबरोबर जावा बेटावर गेले. उष्ण प्रदेशात खलाशांचे शिरांतील रक्त अपेक्षेपेक्षा लालभडक दिसते, हे पाहून त्यांनी विचार केला की, येथे शरीर गरम ठेवायला कमी ज्वलन पुरत असावे. अन्न, शरीराची ऊब आणि श्रम हे एकाच हिशेबाच्या वहीत मांडले पाहिजेत, या कल्पनेपर्यंत ते पोहोचले आणि १८४२ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल यांनी खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून पाण्याचे तापमान किती वाढते ते वर्षानुवर्षे मोजले. अमुक इतके काम म्हणजे अमुक इतकी उष्णता, हा विनिमयाचा दर त्यांनी ठरवला. आज आपण तो १ कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल असा लिहितो. हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये हे सारे एका सूत्रात गुंफले. पुढे हिशेबाच्या या चलनाला ‘एनर्जी’, आपल्या भाषेत ‘ऊर्जा’, हे नाव पक्के झाले. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेचे एककही ज्यूलच ठरवले.

म्हणजे उष्णता हा पदार्थ नाही आणि वस्तूत साठवलेला मालही नाही. जास्त तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाताना ऊर्जेला जे नाव मिळते, ते उष्णता. पोहोचल्यावर ती त्या वस्तूची अंतर्गत ऊर्जा होते. पाऊस पडत असतो तेव्हाच तो पाऊस असतो, विहिरीत पोहोचला की ते विहिरीचे पाणी होते. विहिरीत ‘पाऊस किती आहे’ असे कोणी विचारत नाही.

पण भाषा मागे राहिली. आपण अजून ‘उष्णता शोषली’, ‘उष्णता धरून ठेवली’, ‘अंगात उष्णता आहे’ असे म्हणतो. लव्हाझिये यांचा द्रव गेला, त्याला ठेवायची भांडी मात्र आपल्या बोलण्यात शिल्लक आहेत. घरगुती बोलण्यात याने काही बिघडत नाही. वर्गात मात्र विद्यार्थी हे शब्द जसेच्या तसे खरे धरतो.

रसायनशास्त्रातील तीन अडचणी

पहिली अडचण ऊष्मादायी आणि ऊष्माग्राही या शब्दांची. (हे शब्द ज्यांवर बेतले आहेत ते मूळ शब्द एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनतज्ज्ञ बेर्तेलो यांनी रूढ केले.) चुनकळीत पाणी घातले की ती फसफसते आणि भांडे गरम होते. मुले विचारतात, “सर, उष्णता बाहेर पडली तर भांडे गार व्हायला पाहिजे, गरम कसे?” हा प्रश्न हुशारीचा आहे. येथे हद्द ठरवली पाहिजे. चुना आणि त्याच्याशी संयोग पावणारे पाणी ही आपली ‘प्रणाली’. उरलेले पाणी, भांडे, तापमापक, आपला हात हा सगळा ‘परिसर’. उष्णता प्रणालीतून परिसराकडे गेली आणि तापमापक परिसरात उभा आहे. म्हणून पारा चढला. नवसागर पाण्यात विरघळवला की उलट घडते. ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द वापरण्याआधी कुंपण कोठे घातले ते फळ्यावर काढावे. निम्मी अडचण तेथेच सुटते.

दुसरी अडचण इंधनाची. ‘चिपाडात उष्णता साठलेली असते’ हे वाक्य आपण सर्रास म्हणतो. त्यातूनच पुढे ‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ ही चुकीची समजूत जन्मते. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते. बंध जुळताना ती मिळते. हायड्रोजनच्या ज्वलनाचा हिशेब पाहा. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला सुमारे १,३७० किलोज्यूल खर्च होतात. पाण्याचे चार बंध जुळताना सुमारे १,८५० किलोज्यूल मिळतात. नफा सुमारे ४८० किलोज्यूल. चिपाडाचेही असेच आहे. ऊर्जा एकट्या चिपाडाची नव्हे, तर चिपाड आणि हवेतील ऑक्सिजन या जोडीची. म्हणून चुलवणाला हवेची वाट लागते. आणि म्हणूनच चिपाड वाळवून घ्यावे लागते. ओले चिपाड जाळले की मिळालेल्या ऊर्जेतील बराच भाग त्याच्याच पाण्याची वाफ करण्यात जातो.

तिसरी अडचण अकरावीत येते. बहुतेक मराठी माध्यमाचे विद्यार्थी तेथे एकाएकी इंग्रजी पुस्तकासमोर बसतात आणि ‘एन्थाल्पी’ हा शब्द समोर येतो. डच शास्त्रज्ञ कामरलिंग ऑनेस यांनी सुचवलेला हा शब्द १९०९ मध्ये प्रथम छापला गेला. जुन्या पुस्तकांत याच राशीला ‘हीट कंटेंट’ म्हणत, म्हणजे पुन्हा साठवलेला माल! तोही शब्द आता मागे पडला आहे. एन्थाल्पी काय आहे ते आपली काहीलच सांगते. एक किलो पाण्याची उघड्या काहिलीत वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात. त्यातील सुमारे २,०९० किलोज्यूल पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात जातात. उरलेले सुमारे १७० किलोज्यूल कोठे गेले? वाफेला जागा हवी असते आणि ती जागा हवेला मागे ढकलून मिळवावी लागते. ते ढकलण्याचे काम या १७० मध्ये आहे. अंतर्गत ऊर्जेतील बदलात हे ढकलण्याचे काम मिळवले की उघड्या भांड्यातील, म्हणजे स्थिर दाबाखालील, एन्थाल्पीचा बदल मिळतो. आपली चूल, चंचुपात्र आणि परीक्षानळी सगळीच उघडी असतात, म्हणून रसायनशास्त्राला ही राशी सोयीची.

रशियातील हेस यांनी १८४० मध्येच प्रयोगांवरून दाखवले होते की, अभिक्रिया एका टप्प्यात करा की चार टप्प्यांत, एकूण उष्णता तीच येते. तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून मांडला गेलेला नव्हता. आज आपल्याला त्याचे कारण माहीत आहे. डोंगरावर कोणत्याही वाटेने चढा, उंची तेवढीच.

‘वाफेबरोबर जाते’

आता त्या मुलाच्या उत्तराकडे परत येऊ. त्याने लिहिले होते, ‘उष्णता वाफेबरोबर जाते.’ काटेकोर भाषेत आपण म्हणू की, दिलेली ऊर्जा वाफेच्या वाढलेल्या एन्थाल्पीच्या रूपाने जाते. पण आशय तोच. गुऱ्हाळात ती उघड्यावर जाते. आमच्या हिशेबातील १० लाख ४० हजार किलोज्यूलसाठी, काहीच वाया गेले नाही तर, चांगले वाळलेले साधारण ७० किलो चिपाड पुरायला हवे. प्रत्यक्षात चुलवणाचा धूर, तापलेली जमीन आणि उघडी काहील यांमुळे कितीतरी जास्त लागते.

‘वाफेबरोबर गेलेली’ ही ऊर्जा परत धरता येईल का? वाफ पुन्हा पाणी होताना ती तितकीच ऊर्जा परत देते, हेही ब्लॅक यांनी ओळखले होते. इंग्लंडच्या हॉवर्ड यांनी १८१३ मध्ये कमी दाबाखाली, कमी तापमानाला साखरेचा पाक आटवण्याचे भांडे काढले. अमेरिकेतील लुइझियानात, गुलामगिरीच्या काळात, कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेल्या नॉर्बेर रिल्यू यांनी त्याच्यापुढचे पाऊल टाकले. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या अभियंत्याने पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातील रस तापवायला वापरली, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवला, म्हणजे रस आणखी कमी तापमानाला उकळेल. १८४३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. एकदा पेटवलेल्या इंधनाकडून तीन-चार वेळा काम करून घेण्याची ही युक्ती आज प्रत्येक साखर कारखान्यात असते, कुंडलच्याही. कारखाना आपल्याच चिपाडावर चालून वर चिपाड शिल्लक टाकू शकतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

म्हणजे उत्तरपत्रिकेवर जे वाक्य लाल फुलीखाली होते, त्याच वाक्यावर साखरेचा सारा धंदा उभा आहे. त्या शिक्षकांनी गुऱ्हाळावरच खिशातून पेन काढले, फुली खोडली आणि पूर्ण गुण दिले. दुसऱ्या दिवशी वर्गात काय सांगायचे, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “धडा त्यालाच सांगू द्या. तुम्ही फक्त शब्द पुरवा.”

शिक्षकमित्रांना आमची विनंती एवढीच की, उष्णतेचा कोणताही प्रश्न आला की व्याख्या पाठ करून घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. किती गरम आहे? ऊर्जा कोठून निघून कोठे गेली? आणि कुंपण कोठे घातले आहे? पहिल्याचे उत्तर तापमान, दुसऱ्याचे उष्णता आणि काम, तिसऱ्याचे प्रणाली व परिसर. वर्गात गुऱ्हाळ नसले तरी शेगडीवर पातेलेभर पाणी, एक तापमापक आणि एक घड्याळ ठेवता येते. पाणी उकळीला यायला किती मिनिटे लागली आणि त्यातले अर्धे आटायला किती, हे मुलांनाच मोजू द्यावे. ब्लॅक यांच्याजवळही याहून फारसे अधिक नव्हते.